तव्यावर माशाची जाड तुकडी कशी भाजावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. साधारण अडीच सेंटीमीटर जाडीच्या, मधला काटा असलेल्या माशाच्या तुकड्यांना लिंबाचा रस, वाटलेला लसूण आणि मीठ लावून आपण अर्धा तास ठेवता, मग स्टीलच्या तव्यात चार तुकड्या एकदम घालून मोठ्या आचेवर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटे भाजता. तुकडी तव्याला चिकटते, उलटताना मोडते, लसूण करपतो तरी मासा फिकाच राहतो, काट्याजवळ मांस कच्चे लागते आणि पोटाकडची टोके मात्र सुकून जातात. संध्याकाळी हाताशी वीसेक मिनिटेच असतात, म्हणून आच नेमकी किती आणि मिनिटे किती, असे आपण विचारले आहे.

व्यावसायिक स्वयंपाकघरात मासे भाजण्याचे काम मी पाहते आणि नवीन येणारा प्रत्येक जण पहिल्याच दिवशी हाच प्रश्न विचारतो. मिनिटे मी पुढे सांगणार आहे. पण आपल्या तक्रारी नीट वाचल्या तर त्यांत दोन वेगळे प्रश्न एकत्र झालेले दिसतात. चिकटणे, मोडणे आणि फिके राहणे हा तुकडीच्या पृष्ठभागाचा प्रश्न आहे आणि त्याचे मूळ तिथल्या पाण्यात आहे. काट्याजवळ कच्चे आणि टोकाला कोरडे हा तुकडीच्या जाडीचा व आकाराचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर तवा तापण्याच्या आधी द्यावे लागते आणि दुसऱ्याचे तव्यावर. आच वाढवून किंवा मिनिटे बदलून दोन्ही एकदम सुटत नाहीत, कारण एकाला जे मानवते ते दुसऱ्याला बाधते.

मासा कोणता, ताजा की गोठवलेला, तवा किती जड आणि शेगडीची ताकद किती, यांवर पुष्कळ काही अवलंबून आहे. त्यामुळे माझे आकडे सुरुवात करण्यापुरते धरावेत.

आधी पाण्याविषयी. तुकडी खरपूस होते, म्हणजे तिच्या पृष्ठभागावरील प्रथिने आणि शर्करा यांची उष्णतेमुळे एकमेकांशी अभिक्रिया होते. लुई-कामिय मेयार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचे वर्णन केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. ही अभिक्रिया साधारण १४० अंश सेल्सिअसच्या पुढे वेग घेते. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर मात्र तिथले तापमान १०० अंशांच्या वर जात नाही, खालचा तवा कितीही तापलेला असो. शिवाय पाण्याची वाफ करायला फार उष्णता लागते. शून्य अंशाचे पाणी उकळीपर्यंत आणायला जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून अधिक त्याच उकळत्या पाण्याची पूर्ण वाफ करायला लागते. ओली तुकडी तव्यात पडली की तव्याने साठवलेली उष्णता पहिल्या मिनिटभरातच ती वाफ करण्यात खर्च होते; तवा थंडावतो, मांसातून आणखी रस सुटतो आणि मासा भाजला न जाता स्वतःच्याच पाण्यात शिजू लागतो. आपल्या फिक्या तुकडीचे कारण हेच आहे, आणि चार ओल्या तुकड्या एकदम घातल्याने ते चौपट होते.

चिकटण्याचा उगमही तिथेच आहे. कच्च्या, ओलसर मांसातील प्रथिने तापलेल्या धातूशी थेट बंध जुळवतात. पृष्ठभाग सुकून त्यावर खरपूस थर तयार झाला की ते बंध सैल पडतात आणि तुकडी आपोआप सुटू लागते. म्हणून तुकडी चिकटली असे वाटते तेव्हा ती बहुधा अजून सुटायची असते. उलथणे खाली सरकवायला जोर लावावा लागत असेल तर अर्धे मिनिट थांबावे. ओढून काढलेल्या तुकडीचा खालचा थर तव्यावरच राहतो आणि मग ती मोडणे ठरलेलेच.

तेव्हा तुकडी कोरडी करणे हे यातले सर्वांत महत्त्वाचे काम आहे, आणि बहुतेक लोक ते उरकल्यासारखे करतात. मी दर किलो माशाला साधारण १० ग्रॅम मीठ दोन्ही बाजूंना लावते आणि १० ते १५ मिनिटे तशीच ठेवते. मिठामुळे पृष्ठभागावर पाणी सुटते. ते कागदी रुमालाने दाबून टिपते, तुकडी उलटून पुन्हा टिपते आणि कडेची कातडीही विसरत नाही. पुसण्यापेक्षा दाबणे बरे, कारण पुसताना मांसाचे धागे उचकटतात. वेळ असेल तेव्हा मीठ लावलेल्या तुकड्या जाळीवर ठेवून तासभर फ्रिजमध्ये उघड्या ठेवाव्यात. फ्रिजमधली कोरडी हवा उरलेले काम करते आणि बोट लावले तर पृष्ठभाग किंचित चिकट, पण ओला नाही असा लागतो. दुसरीकडे, मीठ लावून पाचच मिनिटांनी न टिपता तव्यात टाकणे हा सर्वांत वाईट पर्याय आहे, कारण नेमके तेव्हा पाणी बाहेर आलेले असते. तेवढाही वेळ नसेल तर तुकडी टिपून घ्यावी आणि मीठ तव्यात सोडण्याच्या क्षणी लावावे.

लिंबाच्या रसाबाबत माझे मत थोडे कठोर आहे. आम्लामुळे प्रथिने उष्णतेशिवायच आवळतात. अर्ध्या तासात तुकडीचा बाहेरचा थर पांढुरका आणि भुसभुशीत होतो, आणि असा थर भाजताना रस धरून ठेवत नाही. वशट वासाला कारण असलेल्या अमाइन द्रव्यांना आम्ल बांधून ठेवते, त्यामुळे वास कमी जाणवतो हे खरे आहे. पण ते काम भाजून झाल्यावर वरून पिळलेले लिंबूही तितकेच चांगले करते. वाटलेल्या लसणाचे तसेच आहे. त्यात पाणी असते, त्यामुळे आधी तो मांसाला खरपूस होऊ देत नाही, आणि पाणी उडाले की त्याचे बारीक कण माशाच्या आधी करपून कडू होतात. लसणाचा स्वाद हवाच असेल तर अखंड पाकळ्या ठेचून दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या दोन मिनिटांत तेलात सोडाव्यात आणि ते तेल चमच्याने तुकडीवर घालावे. कोरड्या मसाल्यांची पूड पातळ हाताने लावायला हरकत नाही. तीही करपते म्हणून आच एक पायरी खाली ठेवावी. वरून पिठाचा अगदी पातळ हात दिला तर उरलेला ओलावा शोषला जातो आणि नवशिक्याला तुकडी उलटणे सोपे जाते, मात्र पीठ लावून लगेच तव्यात घालावे; पडून राहिले की त्याची चिकट लापशी होते.

तवा जड असावा, इतके पुरे. बिडाचा तवा सावकाश तापतो, पण उष्णता भरपूर साठवतो, म्हणून थंड तुकडी पडली तरी तो फारसा उतरत नाही. त्याला मध्यम आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावे आणि मध्ये एकदोनदा फिरवावे, कारण तो सगळीकडे सारखा तापत नाही. जाड बुडाचा स्टीलचा तवाही उत्तम काम देतो. तो पुरेसा तापला का हे पाहायला तेल घालण्याआधी त्यावर पाण्याचा एक थेंब टाकावा: तो सळसळून उडून गेला तर तवा अजून कमी तापलेला आहे, गोळी होऊन घरंगळू लागला तर पृष्ठभाग साधारण २०० अंशांच्या आसपास आहे आणि आपल्याला हवा तसा आहे. खालच्या वाफेच्या गादीवर थेंब तरंगतो, त्याचा हा खेळ. योहान गोटलोब लायडेनफ्रॉस्टने १७५६ साली तो नोंदवला. ही परीक्षा नॉनस्टिकवर चालत नाही, कारण तिथे पाणी एरवीही गोळा होते. नॉनस्टिक तवा रिकामा ठेवून मोठ्या आचेवर तापवूही नये. २६० अंशांच्या पुढे त्याचा लेप खराब होऊ लागतो आणि रिकामा तवा तिथपर्यंत फार लवकर पोहोचतो. ज्यांच्याकडे तेवढाच तवा आहे त्यांनी तेल घालून मध्यम आचेवर भाजावे. खरपूसपणा थोडा कमी येईल, पण मासा मोडणार नाही.

तेल शुद्ध केलेले, उच्च तापमान सोसणारे घ्यावे आणि तव्याचे बूड झाकेल इतके घ्यावे. तेलाची कंजुषी इथे परवडत नाही, कारण तुकडीचा पृष्ठभाग कधीच पूर्ण सपाट नसतो आणि तो व धातू यांच्यातल्या फटींत उष्णता पोचवण्याचे काम तेलच करते. लोण्यातले घन पदार्थ १५० अंशांच्या आसपासच करपू लागतात, म्हणून लोणी घालायचे तर शेवटी.

आता दुसरा प्रश्न, आतल्या भागाचा. इथे लोकांची सर्वांत मोठी चूक जाडीच्या हिशेबात होते. उष्णता मांसातून फार हळू आत जाते आणि मध्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात न वाढता साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे तुकडी दोनऐवजी तीन सेंटीमीटर जाड असेल, जाडी दीडपट झाली, तर वेळ सव्वादोनपटीच्या जवळ जातो. एकाच माशाच्या डोक्याकडची आणि शेपटीकडची तुकडी एकाच वेळी तव्यात घालून दोन्हींना सारखी मिनिटे दिली तर एक कच्ची आणि दुसरी कोरडी होणारच. विकत घेतानाच सर्व तुकड्या सारख्या जाडीच्या कापून मागाव्यात. झटपट भाजण्यासाठी दोन ते अडीच सेंटीमीटर ही जाडी सोयीची असते. त्याहून पातळ तुकडी बाहेरून रंग येईपर्यंत आतून होऊन जाते, आणि साडेतीनच्या पुढची तुकडी केवळ तव्यावर नीट होत नाही, तिला रंग आणून मग ओव्हनमध्ये किंवा झाकणाखाली मंद आचेवर पूर्ण करावे लागते.

आत काय घडते तेही पाहू. माशाच्या स्नायूतील मायोसिन हे प्रथिन साधारण ४० ते ५० अंशांच्या दरम्यान घट्ट होऊ लागते. काचेसारखे अर्धपारदर्शक मांस तेव्हाच दुधाळ दिसू लागते. माशाच्या मांसाचे थर एकमेकांना धरून ठेवणारे पातळ पडदे पन्नाशीच्या आसपास विरघळू लागतात आणि मांसाच्या पाकळ्या सुटतात. साठीच्या पुढे इतर प्रथिनेही आवळून रस पिळून बाहेर टाकतात. रसाळ आणि कोरडा यांमधले अंतर जेमतेम दहा अंशांचे आहे, आणि २०० अंशांच्या तव्यावर ते अंतर मिनिटाभरात ओलांडले जाते. पाच-पाच मिनिटे मोठी आच हे गणित इथे फसते: बाहेरचा थर साठीच्या बराच पुढे गेलेला असतो, तेव्हा काट्याजवळचा भाग जेमतेम चाळिशीत पोहोचलेला असतो.

मधला काटा असलेल्या आडव्या तुकडीला आणखी एक अडचण असते. काट्याभोवतीचे मांस सर्वांत जाड असते आणि सर्वांत शेवटी तापते. उलट पोटाकडचे दोन पदर पातळ असतात आणि सर्वांत आधी होतात. ते दोन्ही पदर आतल्या पोकळीत वळवून घ्यावेत आणि लाकडी काडीने टोचून किंवा दोऱ्याने कमरपट्ट्यासारखे बांधून तुकडी गोलसर करावी. एवढ्या साध्या गोष्टीने पोटाकडचे मांस कोरडे पडण्याची आपली तक्रार जवळजवळ मिटेल. कडेची कातडी तापताच आक्रसते आणि तुकडीला वाटीचा आकार येतो, त्यामुळे मधला भाग तव्यापासून उचलला जातो. म्हणून कातडीला दोन-तीन ठिकाणी उथळ चिरा द्याव्यात आणि तव्यात सोडल्यावर पहिली २० ते ३० सेकंद उलथण्याने हलकेच दाबून धरावे. खवले नीट काढलेले आहेत ना, हे बोट उलटे फिरवून पाहावे.

तर आपल्या मापाच्या तुकडीसाठी क्रम असा ठेवा. फ्रिजमधून काढून, मीठ लावून, १५ मिनिटांनी कोरडी टिपलेली तुकडी. मध्यम-मोठ्या आचेवर तापलेला तवा. तेल घालून ते थरथरू लागले की तुकडी स्वतःपासून दूर झुकवत अलगद सोडायची. पहिल्या बाजूला साडेतीन ते चार मिनिटे, मधेच न हलवता. पहिल्या मिनिटानंतर आच मध्यमवर आणायची. कडेवरून पाहिले तर दुधाळ रंग खालून वर चढताना दिसतो; तो जवळजवळ निम्म्यावर आला आणि उलथणे सहज खाली गेले की उलटायची. दुसऱ्या बाजूला दोन ते अडीच मिनिटे पुरतात, कारण आतला भाग तोवर तापू लागलेला असतो. दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यावा हा समज मनातून काढून टाकावा. दिसायला चांगली बाजू पहिली भाजावी आणि तीच वर ठेवून वाढावी. मग ताटलीत काढून दोन-तीन मिनिटे थांबावे. तेवढ्यात बाहेरची उष्णता आत सरकते आणि मध्याचे तापमान आणखी तीन ते पाच अंश चढते. हा चढ हिशेबात धरून तुकडी थोडी आधीच उतरवावी.

झाली की नाही हे पाहायला थर्मामीटरइतके खात्रीचे दुसरे काही नाही. टोक कडेतून आडवे घालून काट्याच्या शेजारच्या मांसात टेकवावे, काट्यावर नव्हे. ते हाताशी नसेल तर पातळ सुरीचे टोक काट्याजवळ पाच सेकंद धरून खालच्या ओठाला लावावे: कोमट लागले तर अजून वेळ आहे, चांगले ऊबदार लागले तर काढायला हरकत नाही, चटका बसला तर आधीच काढायला हवी होती. याच सुरीने काट्यालगत थोडे मांस बाजूला सारून पाहता येते. ते काट्यापासून किंचित विरोध करत सुटले पाहिजे. अगदी अलगद गळून पडत असेल तर ती जास्त झाली आहे.

किती अंशांवर थांबायचे, याचे एकच उत्तर नाही. रसाळपणासाठी स्वयंपाकी मध्याला ५२ ते ५५ अंशांवर थांबतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची शिफारस मात्र ६३ अंशांची आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले कोणी जेवायला असेल तर मी ६३ पाळते आणि थोडा कोरडेपणा पत्करते. समुद्री माशांतले अॅनिसाकिस हे परजीवी कृमी मध्याचे तापमान ६० अंशांवर एक मिनिट राहिले की मरतात, किंवा उणे २० अंशांवर सात दिवस पूर्ण गोठलेले राहिले की. घरचा फ्रीझर बहुधा उणे १८ च्या आसपास असतो, म्हणून त्यावर विसंबू नये. टूना, सुरमई, बांगडा या कुळातल्या माशांबाबत एक गोष्ट भाजण्यापलीकडची आहे. ते उबेत राहिले तर त्यांत हिस्टामिन हे विषबाधा घडवणारे द्रव्य तयार होते आणि ते कितीही भाजले तरी नष्ट होत नाही, त्यामुळे असा मासा पहिल्यापासून चार अंशांखाली राहिला असला पाहिजे.

मासा बदलला की वेळही बदलतो. सॅमनमध्ये चरबी भरपूर असल्याने तो थोडी चूक माफ करतो. त्याच्यावर साकळणारा पांढरा थर म्हणजे बाहेर आलेले प्रथिन असते, आणि एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून तुकड्या १५ मिनिटे त्यात ठेवल्या तर तो बराच कमी होतो. असे केल्यास वरून वेगळे मीठ लावू नये आणि टिपण्याचे काम दुप्पट मन लावून करावे. सुरमई चरबीला मध्यम आणि मांसाला घट्ट, म्हणून तव्यासाठी मला ती सर्वांत भरवशाची वाटते. टूनाची तुकडी बिनकाट्याची आणि अतिशय कमी चरबीची असते; ती पूर्ण भाजली की हमखास कोरडी होते, म्हणून बरेच स्वयंपाकी तिला फक्त बाहेरून मिनिटभर भाजून आत लाल ठेवतात. तसे करायचे तर मासा परजीवींसाठी आधीच योग्य तापमानाला गोठवलेला असल्याची खात्री विक्रेत्याकडून करून घ्यावी, आणि ती होत नसेल तर दुसरा मासा निवडावा.

गोठवलेल्या तुकड्या रात्रभर फ्रिजमध्येच वितळू द्याव्यात. गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फाटलेल्या असतात, म्हणून त्यांतून पाणी जास्त सुटते. जाळीवर ठेवले म्हणजे त्या स्वतःच्या पाण्यात बसत नाहीत. हवाबंद पिशवीतला मासा असेल तर वितळवण्याआधी पिशवी फाडावी किंवा तुकडी बाहेर काढावी, कारण प्राणवायू नसताना फ्रिजच्या थंडीतही वाढू शकणारे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक विष तयार करणाऱ्या जिवाणूचे प्रकार आहेत.

राहिला चार तुकड्या एकदम घालण्याचा प्रश्न. तव्यात तुकड्यांमध्ये बोटभर अंतर राहील इतक्याच घालाव्यात. बहुतेक घरगुती तव्यांत ते दोनच्या पुढे जमत नाही. दुसरी खेप घालण्याआधी तवा कागदाने पुसून नवे तेल घालावे आणि त्याला पुन्हा तापायला मिनिटभर द्यावे, नाहीतर पहिल्या खेपेचे करपलेले कण दुसरीला चिकटतात. पहिल्या तुकड्या झाकून ठेवू नयेत, झाकणाखालच्या वाफेने खरपूस थर मऊ पडतो. त्या जाळीवर उघड्या ठेवल्या तर तेवढ्या सहा-सात मिनिटांत फारशा गार होत नाहीत. दोन तवे असतील तर दोन शेगड्यांवर एकाच वेळी भाजणे सर्वांत सोपे, फक्त दुसरा तवा पहिल्यानंतर दोन मिनिटांनी सुरू करावा, म्हणजे दोन्हींकडच्या तुकड्या एकाच क्षणी उलटायची वेळ येत नाही.